बेली, बेडरॉक, लो अँगल की लाकडी? रंधा घेताना नेमकं काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात फ्लॅटच्या बाल्कनीत सागवान आणि शिसवाची लहान-मध्यम कामं हाताने करायची आहेत, मशीन नाही. जुन्या बाजारात स्टॅन्ले कंपनीचा, बेली पद्धतीचा ५ नंबरचा लोखंडी रंधा मिळतोय. एक नातेवाईक परदेशातून बेडरॉक पद्धतीचा नवा, महाग रंधा आणून द्यायला तयार आहे. कुणी म्हणतं लो अँगल जॅक, म्हणजे निजत्या पात्याचा मध्यम लांबीचा रंधा घे, एकात सगळं भागतं. आणि माळ्यावर आजोबांचा लाकडी रंधा पडून आहे. या चौघांच्या रचनेत फरक काय, आणि पैसे नक्की कशाला मोजायचे?

उत्तर आधीच देऊन टाकतो. जुन्या बाजारातला ५ नंबर घ्या, बीड तडकलेलं नसेल तर. आजोबांचा रंधा फेकू नका. उरलेल्या दोघांचे पैसे धारेच्या दगडांवर आणि लाकडावर खर्च करा. मी हे काम तीसेक वर्षं करतोय. त्यातली पहिली काही वर्षं जमिनीवर बसून, लाकडी रंध्यावर काढली. नंतर लोखंडी रंध्यांच्या मागे लागलो आणि बरेच पैसे घालवले. त्यातले निम्मे चुकीच्या गोष्टीवर गेले, म्हणून हे एवढं लांबवतोय.

रंध्यापुढचा खरा प्रश्न एकच असतो. पातं म्हणजे शेवटी एक पाचर. ती लाकडाचा थर वर उचलते. नस, म्हणजे लाकडाच्या रेषा, वर चढत येत असेल तर छिलका सुटून येतो. नस खाली उतरत असेल तर भेग धारेच्या पुढे पळते, फळीत खोल शिरते आणि लाकूड उपटून येतं. सागवानात हे कमी. शिसवात आणि फणसात नस पट्ट्यापट्ट्याने उलटसुलट असते, त्यामुळे कुठल्याही बाजूने रंधा मारला तरी अर्धे पट्टे उलटेच लागतात. ही पुढे पळणारी भेग अडवायचे तीनच मार्ग आहेत. एक, तोंड, म्हणजे तळातली पातं बाहेर येण्याची फट, बारीक ठेवायचं, म्हणजे धारेच्या अगदी पुढे तळ लाकूड दाबून धरतो. दोन, पातं उभट कोनात धरायचं, म्हणजे ते कापण्यापेक्षा खरवडतं. तीन, पात्यावर दुसरं पातं बसवायचं. कॅप आयर्न म्हणतात ते. छिलका वर चढू लागला की ते त्याला लगेच मोडून पुढे ढकलतं, मग भेग पळायला जोरच उरत नाही. जगातल्या सगळ्या रंध्यांच्या रचना म्हणजे या तिघांपैकी कुणावर भिस्त ठेवायची याबद्दलची मतं आहेत.

बेली रंध्याची भिस्त तिसऱ्यावर. लेनर्ड बेली हा बॉस्टनचा कारागीर. १८६९ मध्ये स्टॅन्लेने त्याचा धंदा विकत घेतला आणि तेव्हापासून आजपर्यंत लोखंडी रंधा म्हटलं की त्याचीच रचना डोळ्यांसमोर येते: ४५ अंशांवर पातं, वर कॅप आयर्न, त्यावर दोन्ही पाती दाबून धरणारी, चाप असलेली लिव्हर कॅप, मागे पातं पुढे-मागे करायचं पितळी चाक. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे देशी लोखंडी रंधेसुद्धा याच घराण्यातले.

मला या कॅप आयर्नचा उपयोग समजायला लाजिरवाणी म्हणावी इतकी वर्षं लागली. शिकवणाऱ्या मेस्त्रींनी सांगितलं होतं, ‘वरचं पातं धारेजवळ आण.’ किती जवळ, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मी आपला दीड मिलिमीटर ठेवायचो. शिसवाचं लाकूड उपटलं की तोंड बारीक करत बसायचो आणि शेवटी खरवडणी घेऊन पॉलिश पेपरवर यायचो. जपानच्या यामागाता विद्यापीठातल्या कावाई आणि कातो या प्राध्यापकांनी छिलका सुटताना जवळून केलेलं चित्रण २०१२च्या सुमारास जगभरच्या सुतारांनी पाहिलं, तेव्हा माझ्यासारख्या अनेकांचे डोळे उघडले. त्यात स्पष्ट दिसतं की कॅप आयर्न धारेपासून ०.१ मिलिमीटरवर आणलं आणि त्याची पुढची कड उभट, ८० अंशांच्या आसपास असली, की उलट्या नशीतही लाकूड उपटणं थांबतं. ०.३ वर नेलं की परिणाम बराच ओसरतो. माझ्या दीड मिलिमीटरवर ते पातं नुसतं वजनाला होतं! गंमत म्हणजे फिलाडेल्फियात सॅम्युअल करुथर्स नावाचा कारागीर १७६७ मध्येच दुहेरी पात्याच्या रंध्यांची जाहिरात देत होता. म्हणजे माहिती अडीचशे वर्षं जुनी, ती मधे कुठेतरी विसरली गेली एवढंच.

०.१ मिलिमीटर मोजायचं कसं? मोजायचं नाही, बघायचं. डोक्याचा केस साधारण तेवढाच किंवा थोडा बारीक असतो. दोन्ही पाती जोडून उजेडात धरा. कॅप आयर्नच्या कडेपुढे पात्याची चकाकती पट्टी दिसेल. ती एक-दोन केसांएवढी राहिली पाहिजे. स्क्रू आधी अर्धवट आवळा, पट्टी नीट करा, मग पूर्ण आवळा. शेवटच्या आवळण्यात कॅप आयर्न किंचित पुढे सरकतं, तेव्हा तेवढी जागा आधीच ठेवा, नाहीतर ते धारेच्या बाहेर जाईल आणि रंधा काही कापणारच नाही. त्याआधी कॅप आयर्नची पुढची कड दगडावर घासून पात्याला बिनफट बसते का ते पाहा. दोन्ही पाती जोडून दिव्यासमोर धरल्यावर फटीतून उजेड आला, तर तिथेच छिलका शिरणार आणि दोन मिनिटांत तोंड बुजणार. कडेच्या वरच्या अंगालाही दगडावर उभं धरून बारीकसा, साधारण ५० अंशांचा उतार द्या. दुकानातून येतं तेव्हा ते फार निजलेलं असतं.

बरोबर बसलंय हे छिलका सांगतो. एरवी छिलका गुंडाळी होऊन बाहेर पडतो. कॅप आयर्न काम करू लागलं की तो गुंडाळत नाही, तोंडातून सरळ, उभा, फितीसारखा वर येतो. चुणीचुणीचा येऊ लागला आणि रंधा ढकलायला जड गेला तर फार जवळ आलंय, केसभर मागे घ्या. एवढं एकदा जमलं की मग शिसवाची फळी उलटीसुलटी फिरवत बसावं लागत नाही.

आता बेडरॉक. फ्रॉग म्हणजे ज्या तिरप्या बैठकीवर पातं टेकतं तो भाग. बेलीत तो तळावरच्या छोट्या-छोट्या घासून घेतलेल्या जागांवर बसतो आणि त्याचे स्क्रू पात्याखाली असतात. फ्रॉग हलवायचा म्हणजे पातं काढा, स्क्रू ढिले करा, सरकवा, आवळा, परत पातं बसवा. जस्टस ट्राउट या स्टॅन्लेच्याच माणसाने १८९५ मध्ये यावर पेटंट घेतलं: फ्रॉग संपूर्ण लांबीभर तिरप्या बैठकीवर बसवायचा. मागूनच, पातं न काढता, स्क्रू फिरवून तो पुढे-मागे करायची सोय नंतर, १९११च्या सुमारास आली. तोच बेडरॉक. त्याचे नंबर ६०० च्या घरात, म्हणजे बेलीचा ४ तो बेडरॉकचा ६०४. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास स्टॅन्लेने तो बंद केला. आज अमेरिकेतल्या मेन राज्यातली ली-नील्सन आणि तिच्यासारख्या इतर कंपन्या त्याच धर्तीवर सुरेख रंधे बनवतात. हातात घेतला की सोडवत नाही, हे मान्य.

पण फ्रॉग हलवायचा कशासाठी? तोंड लहान-मोठं करण्यासाठी. म्हणजे मार्ग एकसाठी. कॅप आयर्न धारेला भिडवल्यावर तोंड बारीक करण्यात अर्थ उरत नाही, उलट नुकसान होतं. छिलका कॅप आयर्नवर आपटून सरळ वर येतो आणि समोर तोंडाची कड त्याची वाट अडवते. रंधा तुंबतो. मी फ्रॉग तोंडाच्या मागच्या कडेशी समतल लावतो, म्हणजे पातं अगदी खालपर्यंत टेकलेलं राहतं. त्यानंतर वर्षानुवर्षं त्याला हात लावत नाही. जी गोष्ट आयुष्यात एकदा करायची ती पातं न काढता करता येते, यासाठी किती पैसे द्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. शिवाय बेडरॉकची एक गोम कुणी सांगत नाही: फ्रॉग उतारावर असल्यामुळे तो पुढे सरकवला की खालीही उतरतो, पातं जास्त बाहेर येतं आणि खोली पुन्हा लावावी लागते. त्या रंध्यात पैसे वसूल होत असतील तर ते फ्रॉगमुळे नाही. तळ कारखान्यातूनच सपाट येतो आणि पातं जाड असतं, त्यामुळे आल्या दिवशी कामाला लागता येतं.

जाड पात्याबद्दलही बोलायला हवं. जुन्या स्टॅन्लेचं पातं सुमारे २ मिलिमीटर, नव्या महाग रंध्यांचं ३ किंवा थोडं वर. जाड पातं थरथरत नाही म्हणतात. खरं आहे, पण बारीक पातं थरथरतं ते बहुतेक वेळा नीट टेकलेलं नसल्यामुळे. फ्रॉगवर गंज किंवा रंगाचे गोळे असतील तर ते कानशीने साफ करा, अर्धी थरथर तिथेच जाते. बारीक पात्याचा एक मोठा फायदा आहे: दगडावर घासायला लोखंड कमी, धार पटकन लागते. सागवानात सिलिका असते, वाळूच म्हणा ना. पातं अक्षरशः झिजतं. दिवसातून चार-पाच वेळा पाजवायची वेळ येते तेव्हा तो एक मिलिमीटर हाताला कळतो. बेलीत जाड पातं घालायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, तोंड कानशीने मोठं करावं लागेल, आणि पितळी चाकाला जोडलेला काटा कॅप आयर्नच्या खाचेपर्यंत पोचेलच असं नाही.

त्या पितळी चाकाचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की पातं पुढे येतं. दिशा बदलली की चाक बराच वेळ मोकळं फिरतं. जुन्यात हा खेळ जास्त असतो, आणि विकणाऱ्याला तो दोष वाटतो. दोष नाही तो. फक्त सवय लावा: पातं आधी मागे घ्यायचं आणि शेवटची हालचाल नेहमी पुढे. नाहीतर काम करताना पातं हळूहळू मागे सरकतं. पातं डावी-उजवीकडे कलवायची मागची पट्टी स्टॅन्लेने १८८५ पासून दिली. माझ्या मते बेलीच्या मूळ रचनेनंतरची सगळ्यात कामाची सुधारणा तीच.

लो अँगल जॅकवर माझा राग नाही, पण त्याची जाहिरात ज्या कामासाठी होते त्यासाठी तो नाही. यात पातं १२ अंशांवर निजलेलं असतं आणि धारेचा उतार वरच्या बाजूला. म्हणून कापण्याचा कोन म्हणजे १२ अधिक तुम्ही घासलेला उतार. २५ अंशांचा उतार असेल तर ३७, आणि ३८ अंशांचा असेल तर ५०. एका रंध्यात तीन पाती ठेवली की तीन रंधे, हे ऐकायला छान वाटतं. फळीचं डोकं, म्हणजे आडवं कापलेलं टोक, सपाट करायला ३७ अंश खरोखर सुंदर चालतात. तोंड पुढून एका चकतीने लहान-मोठं होतं, भाग कमी, नवशिक्याला लावायला सोपा. पण यात कॅप आयर्न नाही. उलट्या नशीला उत्तर एकच, उभट कोन. ५० किंवा त्याहून वर गेलात की ढकलायला जड आणि पृष्ठभाग थोडा मलूल येतो. कॅप आयर्न लावलेल्या ४५ अंशांच्या पात्याची झळाळी त्याला येत नाही.

आणखी दोन गोष्टी विकत घेण्याआधी कुणी सांगत नाही. पात्याची झीज खालच्या अंगालाही होते. लो अँगलमध्ये खालचं अंग म्हणजे पात्याची सपाट पाठ. ती झीज काढायला वरच्या उतारावरून बरंच लोखंड घासावं लागतं. आपल्या सागवानासाठी ही वाईट बातमी. दुसरी, धारेचा बाक. फळी रंधताना कडांच्या खुणा उमटू नयेत म्हणून पात्याला जरासा बाक देतात. खरडकामाच्या जॅकला तो चांगला ठळक असतो, अडीचशे मिलिमीटर त्रिज्येचा वगैरे. पातं ४५ अंशांवर असेल तर घासलेल्या बाकाचा सत्तर टक्के लाकडाला लागतो. १२ अंशांवर जेमतेम वीस टक्के. म्हणजे तेवढ्याच परिणामासाठी सुमारे साडेतीन पट बाक घासावा लागतो. कागदावर हिशेब करून पाहा, मग ‘एकात सगळं’ म्हणणाऱ्याला विचारा.

आजोबांचा रंधा. हा बहुतेक बाभळीचा किंवा शिसवाचा असेल, पातं पाचरीने अडकवलेलं. त्याला चाक नाही, पट्टी नाही. पातं पुढे घ्यायचं तर पात्याच्या डोक्यावर हातोडीचा हलका टोला, मागे घ्यायचं तर रंध्याच्या पाठीमागच्या टोकावर. चार दिवस वैताग येतो, मग हात आपोआप ऐकतो. लाकडी तळ लाकडावर जसा घसरतो तसं लोखंड मेण लावल्याशिवाय घसरत नाही, आणि वजनही निम्मं. दोन मिलिमीटर जाडी उतरवायची असेल तर संध्याकाळी खांद्याला फरक कळतो. दोष दोन. पावसाळ्यात ठोकळा फुगतो आणि पाचर इतकी घट्ट बसते की निघता निघत नाही. आणि तळ वरचेवर सपाट केल्यामुळे तोंड मोठं होत जातं, कारण आतली पोकळी वर रुंद होत गेलेली असते. त्यासाठी तोंडापुढे शिसवाचा चौकोनी तुकडा बसवतात. आजोबांच्या रंध्याला असा तुकडा दिसला तर समजा, तो भरपूर राबलेला आहे. पातं काढून त्याची जाडी बघा. जुनी पाती धारेकडे जाड आणि वर बारीक होत जातात, त्यामुळे जोर लागला तरी पाचरीखालून मागे सरकत नाहीत. असं पातं असेल तर जपा. मी त्याला ठळक बाक देऊन खरडकामाला ठेवीन आणि ५ नंबरला कमी बाक देऊन पुढचं सगळं काम त्याच्याकडून घेईन.

एक गोष्ट रचनेत धरली जात नाही, पण धरायला हवी: बसणं. आमच्या मेस्त्रींचा रंधा जमिनीवर बसून, फळीला पाय लावून मारायचा होता. जपानी कान्ना तर अंगाकडे ओढतात. बेलीची मागची मूठ उभ्या माणसासाठी घडवलेली आहे, मनगटाच्या उंचीच्या जड बाकासाठी. ५ नंबरचं वजन दोन किलोच्या वर. बाल्कनीतलं हलकं टेबल त्याच्यापुढे चालू लागेल. टेबल भिंतीला टेकवा आणि भिंतीच्या दिशेनेच रंधा मारा.

तळाला नाळीदार खाचा असलेले रंधेही दिसतील, नंबरापुढे ‘सी’ असतं. घर्षण कमी होतं म्हणून ते विकले गेले. घर्षण दाबावर ठरतं, टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही, त्यामुळे फरक जाणवत नाही. मेणबत्तीचा तुकडा तळावर दोनदा फिरवा, फरक लगेच जाणवेल. आणि पावसाळ्यात काम संपलं की शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवून ठेवा. खोबरेल नको, डिसेंबरात ते थिजून बसतं.

बाजारात जाल तेव्हा पोलादी पट्टी आणि छोटी टॉर्च घेऊन जा. पातं काढायला लावा. तोंडाच्या दोन्ही बाजूंना, जिथे तळ आणि बाजू मिळतात तिथे, केसासारखा तडा बघा. असेल तर परत ठेवा. पट्टी तळावर उभी धरा: टोक, तोंडाची पुढची कड आणि मागचं टोक या तीन जागा टेकल्या पाहिजेत. मधे थोडी पोकळी असली तरी चालते. तोंडाजवळच पोकळी असेल तर ग्रॅनाइटच्या सपाट तुकड्यावर ८० नंबरचा पेपर चिकटवून तासभर घासावं लागेल. घासताना पातं मागे ओढून, पण लिव्हर कॅप आवळलेली ठेवायची, कारण त्या ताणाने तळ किंचित वाकतो. फ्रॉगमागे तळावर तीन पेटंट तारखा, शेवटची १९१०ची, अशा कोरलेल्या दिसल्या तर तो १९१० ते १९१८ या काळातला, घासाघीस न करता घ्या. लिव्हर कॅपचं भोक चावीच्या भोकासारखं असेल तर १९३३च्या आधीचा, मूत्रपिंडाच्या आकाराचं असेल तर नंतरचा. दोन्ही चालतात. गंज खोल खड्ड्यांचा असेल आणि तो पात्याच्या पाठीवर धारेजवळ असेल तर पात्याचे पैसे कमी करा. ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीचा रंधा मिळाला तरी घ्या. काहींमध्ये कॅप आयर्न दोन तुकड्यांचं असतं, पुढचा तुकडा हातात सुटून येतो. तो तुटलेला नाही, तसाच बनवलेला आहे. फक्त हरवलेला नाही ना ते बघा.

मागची मूठ मोडकी असेल तर बरंच. भाव उतरतो, आणि नवी मूठ शिसवाच्या उरलेल्या तुकड्यातून दोन संध्याकाळी होते. नस मात्र तळाला समांतर ठेवा, उभी नको. उभी ठेवलीत तर मुठीच्या वरच्या शिंगाशी पुन्हा मोडेल.